समीक्षा म्हणजे पुन्हा पाहणे : पुण्यातील चित्रपट-रसास्वादाचा एक इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए. च्या वर्गाला ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ हा घटक शिकवण्यासाठी आम्ही ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आणि तिच्यावरून ‘प्रभात’ने १९३७ साली काढलेला ‘कुंकू’ हा चित्रपट निवडला होता. चित्रपट दाखवून झाला. फळ्यावर दोन रकाने आखले. एकात कादंबरीतील प्रसंग, दुसऱ्यात चित्रपटातील प्रसंग. काय गाळले, काय वाढवले, शेवट कसा केला याची यादी झाली. विद्यार्थ्यांनी ती उतरवून घेतली आणि तास चांगला झाल्याच्या समाधानात आम्ही खडू खाली ठेवला. मागच्या बाकावर आमचे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘या चित्रपटाचं पार्श्वसंगीत तुम्हांला कसं वाटलं?’’ कोणी ‘करुण’ म्हणाले, कोणी ‘प्रसंगाला साजेसे’ म्हणाले. आम्हीही मान डोलावली. सरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘नाहीच आहे. आता पुन्हा पाहा. म्हणजे ऐका.’’

पुन्हा पाहिला. घरातले, रस्त्यावरचे आवाज, माणसांचे बोलणे आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. म्हाताऱ्या काकासाहेबांचे ओसरत चाललेले आयुष्य आणि तरुण नीराचे त्या घरात अडकून पडलेले आयुष्य, दोन्ही त्या टिकटिकीने मोजली जात होती. नीराच्या संतापाला सारंगीची सोबत नाही, म्हणूनच तो संताप प्रेक्षकाला गोड करून मिळत नाही. हे सारे पहिल्या वेळीही आमच्या डोळ्यांसमोर आणि कानांवर होतेच. फक्त आम्ही ते पाहिले नव्हते.

या लाजिरवाण्या आणि तितक्याच आनंदाच्या अनुभवामुळे आम्ही एका प्रश्नाच्या मागे लागलो. चित्रपटावरचे विचारपूर्वक लिहिणे-बोलणे पाहण्यात नेमकी कोणती भर घालते? आणि ही भर घालण्याची सवय आपल्या शहरात कशी रुजली? हा लेख त्या शोधातून झाला आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. ‘टीका’ या शब्दाचा अर्थ आज आपण दोषदर्शन असा करतो. पण ज्ञानेश्वरांची ‘भावार्थदीपिका’ ही गीतेवरील टीकाच आहे, आणि तिच्यात दोष काढणे कोठेही नाही. मूळ ग्रंथाजवळ दिवा नेणे एवढाच तिचा हेतू तिच्या नावातच सांगितला आहे. ‘समीक्षा’ या शब्दात तर ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातूच बसलेला आहे. नीट, सर्व बाजूंनी पाहणे. चित्रपटाच्या संदर्भात हा शब्द अलंकारिक राहत नाही, शब्दशः खरा होतो. रससिद्धान्ताचा इतिहासही हेच सांगतो. भरताचे रससूत्र अवघ्या एका वाक्याचे. त्या वाक्यातून सौंदर्यविचाराची एवढी मोठी परंपरा उभी राहिली ती लोल्लट, शंकुक, भट्टनायक आणि अभिनवगुप्त या भाष्यकारांमुळे. यांतील पहिल्या तिघांची नाट्यशास्त्रावरील विवेचने आज स्वतंत्रपणे उपलब्ध नाहीत. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त त्यांची मते नोंदवून त्यांचा परामर्श घेतला, म्हणून ती आपल्याला कळतात. जतन आणि भाष्य यांचे हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मराठीत चित्रपटाविषयीचे गंभीर लेखन चित्रपटाच्या जन्मानंतर लगेचच सुरू झाले, आणि ते केले खुद्द दादासाहेब फाळके यांनी. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि १९१७-१८ मध्ये फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण कसे उभे राहिले, हे त्यांनी तिच्यात सांगितले आहे. आम्हांला या लेखनाचे महत्त्व असे वाटते की, आपल्या चित्रपटाचा आरंभ एका प्रेक्षकाच्या पाहण्यात झाला आणि तो प्रेक्षक आपले पाहणे मराठी गद्यात मांडू शकत होता.

पुढचा टप्पा ‘प्रभात’चा. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. ‘कुंकू’चे संगीत केशवराव भोळे यांचे. ते चित्रपटसंगीताकडे आले त्याआधीपासून संगीतसमीक्षक म्हणून प्रसिद्ध होते. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी गायकांवर केलेले लेखन त्या काळी चवीने वाचले जाई. चित्रपटभर पार्श्वसंगीताला फाटा देण्याचा निर्णय ज्या संचात झाला, त्या संचात असा एक चिकित्सक कान होता. केवळ त्याच्यामुळेच तो निर्णय झाला असे आम्ही म्हणणार नाही. दिग्दर्शक शांताराम होते आणि ‘प्रभात’चे काम सामुदायिक होते. पण कोठे वाजवावे हे वादकाला कळते आणि कोठे वाजवू नये हे समीक्षकाला अधिक चांगले कळते, असे मात्र आम्हांस वाटते.

त्या काळच्या सर्वसाधारण परीक्षणांत कथानकाचा सारांश, नटनट्यांची कामे, गाणी, देखावे आणि शेवटी ‘एकदा अवश्य पाहावा’ अशी शिफारस असे. यात लिहिणाऱ्यांचा दोष फारसा नव्हता. चित्रपट थिएटरात एकदा, फार तर दोनदा पाहायचा आणि आठवणीवर लिहायचे. कवितेचा अभ्यासक पान उलटून मागे जाऊ शकतो. चित्रपटाच्या अभ्यासकाला मागे जाता येत नव्हते. चित्रपट उतरला की त्याचा ‘पाठ’च हातून निसटत असे. ज्या साहित्याची पुस्तके वाचून झाल्यावर जाळून टाकली जातात, त्या साहित्याची समीक्षा कशी वाढावी?

ही अडचण पुण्यात दूर झाली, आणि ‘प्रभात’च्याच जागेत झाली. १९५०च्या दशकात ‘प्रभात’ बंद पडली. तिच्या आवारात १९६० साली केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेही पुण्यातच. पुढे ऋत्विक घटक काही काळ इन्स्टिट्यूटचे उपप्राचार्य होते. त्यांच्या शिकवण्याच्या कथा तेथे अजून सांगितल्या जातात. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने दोन नावे अधिक महत्त्वाची : पी. के. नायर आणि सतीश बहादूर. एकाने चित्रपट जमवले, दुसऱ्याने ते वाचायला शिकवले.

नायर १९६५ मध्ये संग्रहालयात आले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. त्या अवधीत संग्रह सुमारे १२,००० चित्रपटांपर्यंत पोहोचला. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतील फारच थोडे पूर्ण वा अंशतः उरले आहेत. फाळक्यांचे जे चित्रपट आज पाहता येतात त्यांच्यामागे नायरांची पायपीट आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) हा त्यांतला एक. त्याच्या आरंभी फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आधी मंदाकिनी म्हणूनच पडद्यावर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. ‘ही नटी आहे, आणि आता हा देव’ असे दिग्दर्शक प्रेक्षकाला उघड सांगतो आणि तरीही प्रेक्षक देवाला भुलतो. नट आणि पात्र यांच्या नात्यावर रंगभूमीच्या अभ्यासात आम्ही पानेच्या पाने लिहितो. इथे तो विचार काही क्षणांत चित्रातून मांडलेला आहे. हा तुकडा वाचला नसता तर आपण फाळक्यांना चमत्कारांचे किमयागार एवढेच म्हणत राहिलो असतो.

सतीश बहादूर मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आग्र्यात त्यांनी फिल्म सोसायटी चालवली आणि १९६३ मध्ये ते पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून आले. अशा विषयाला स्वतंत्र प्राध्यापक असणे हीच त्या वेळी अपूर्वाई होती. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’वरील त्यांचे विवेचन पुढे अनेक पिढ्यांना पाठ झाले. चित्रपटाचा एखादा अंश दाखवायचा, थांबवायचा, पुन्हा दाखवायचा आणि विचारायचे : कॅमेरा कोठे आहे? तो आत्ताच का हलला? या दृश्यात कोण दिसत नाही? चित्रपटावरूनच त्यांनी ‘पथेर पांचाली’ची शॉटवार संहिताही तयार केली.

येथे एका भौगोलिक योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे आणि त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक त्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. हस्तलिखिते जमवायची, पाठ ताडून पाहायचे, प्रक्षिप्त वेगळे काढायचे. ते काम संपत आले त्याच सुमारास काही मिनिटांच्या अंतरावर चित्रपटाच्या फितींबाबत तेच काम सुरू झाले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची आज उपलब्ध असलेली रिळे १९१३ची की १९१७च्या पुनर्निर्मितीची, हा अभ्यासकांतला वाद पाठचिकित्सेचाच वाद आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात परके वाटण्याचे खरे तर काही कारण नाही.

बहादूर आणि नायर यांच्या प्रयत्नांतून इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांचा संयुक्त उन्हाळी रसास्वाद अभ्यासक्रम १९७०च्या दशकात पुण्यात स्थिरावला. दिग्दर्शक होऊ न इच्छिणाऱ्यांसाठी असलेला हा अभ्यासक्रम. देशभरातून शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी येत आणि महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत चित्रपट पाहत. आमचे ते ज्येष्ठ सहकारी अशाच एका उन्हाळ्यात तेथे जाऊन आले होते. ते सांगत, ‘‘महिन्याभरात मला चित्रपटाविषयी फार माहिती मिळाली असं नाही. पण प्रश्न मिळाले. ते अजून पुरतात.’’

प्रश्न बदलले की जुना चित्रपटही कसा बदलतो, याचे उदाहरण ‘संत तुकाराम’चे. दामले-फत्तेलाल यांचा १९३६चा हा चित्रपट १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. घरोघरी त्याची आठवण भक्तिपट म्हणून राहिली आणि सुशिक्षित मंडळींनी त्यातील चमत्कारांकडे थोडे सांभाळूनच पाहिले. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक कुमार शहानी यांनी ‘प्रभात’च्या संतपटांवर लिहिले, कलासमीक्षक गीता कपूर यांनी ‘संत तुकाराम’चे सविस्तर विवेचन केले, आणि या चित्रपटाचा साधेपणा हा अजाणतेपणा नसून विचारपूर्वक घडवलेली शैली आहे हे जाणवू लागले. आता आरंभ पाहावा. तुकाराम विठ्ठलापुढे गात आहे. मग तीच रचना सालोमालो आपल्या नावावर, ताना-हरकतींची सजावट करून गातो. शब्द तेच, चाल बदलली, आणि भक्ती आणि तिचा व्यापार यांतले अंतर एकाही संवादावाचून कळले. याच चित्रपटातील एक रचना शांताराम आठवले यांची. पुष्कळांना ती तुकोबांचा अभंगच वाटली. अखेरीस विमान तुकारामाला घेऊन जाते, पण जिजाई याच पृथ्वीवर राहते. चमत्काराकडे डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकाला मागे राहिलेली ती बाई दिसत नाही. ती दाखवणे हे समीक्षेचे काम.

मात्र येथेच एक गोष्ट आम्हांस बोचते. शहानी आणि कपूर यांचे हे लेखन इंग्रजीत आहे. रसास्वाद अभ्यासक्रमाचे माध्यमही प्रामुख्याने इंग्रजीच. एका मराठी चित्रपटाचे सर्वांत सूक्ष्म वाचन त्याच्या प्रेक्षकांच्या भाषेत झाले नाही. मराठीत ‘प्रभात’वर प्रेमाने लिहिले गेले, बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ हे पुस्तक त्या प्रेमाचे आणि माहितीचेही भांडार आहे. इसाक मुजावरांसारख्यांनी चित्रपटाचा इतिहास सामान्य वाचकापर्यंत नेला. पण आठवण आणि माहिती यांच्या पलीकडे जाऊन चौकट, प्रकाश, ध्वनी, संकलन यांविषयी मराठी वाक्यात कसे बोलायचे, हा प्रश्न पुष्कळ काळ उघडाच राहिला. याच्याशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातले आहे. हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम्’ने शेतकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले आणि त्यांवरची चर्चा कन्नडात घडवली. बहादूर आणि नायर या दोघांचाही त्या उपक्रमाशी संबंध होता. पुण्यातले ज्ञान हेग्गोडूला कन्नड झाले. पुण्यात ते मराठी व्हायला वेळ लागला.

ही कोंडी ज्या पुस्तकाने फोडली, ते अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५). खोपकर इन्स्टिट्यूटचेच विद्यार्थी. ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज़ के फूल’ (१९५९) आणि ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ (१९६२) या तीन चित्रपटांचे हे वाचन. त्याला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. म्हणजे या वेळी प्रवास मराठीकडून इंग्रजीकडे झाला. गुरुदत्तविषयी तोवर जे लिहिले जाई ते बहुधा त्याच्या आयुष्याविषयी, दुःखाविषयी आणि मृत्यूविषयी. खोपकरांनी दृष्टी पडद्यावर आणली. ‘कागज़ के फूल’मध्ये रिकाम्या स्टुडिओत तिरपा उतरणारा तो प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून मिळवला होता, ही झाली माहिती. त्या झोतात दोन माणसे एकमेकांजवळ येऊ पाहतात आणि प्रकाशच त्यांच्यामधले अंतर दाखवून देतो, हे झाले वाचन. हे वाचन मराठीत करता येते, हे आमच्या पिढीला या पुस्तकाने शिकवले. खोपकरांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा चित्रपटावरचे लेखन हेही मराठी साहित्यच, यावर एका परीने शिक्कामोर्तब झाले.

अर्थात एका पुस्तकाने परंपरा होत नाही. मुंबईत १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळ’, पुण्यात ‘आशय फिल्म क्लब’ यांसारख्या संस्थांनी प्रेक्षक घडवला. २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. विजय पाडळकर, गणेश मतकरी यांच्यासारख्यांनी सातत्याने मराठीत लिहिले. अलीकडे रसास्वाद शिबिरे मराठीतूनही भरतात. हे सारे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

विश्लेषणाने रसभंग होतो, हा आक्षेप विद्यार्थी नेहमी घेतात. ‘‘सर, एवढा विचार करत बसलो तर रडू कसं येणार?’’ हा प्रश्न आम्हांला वर्गात विचारला गेला आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जी समीक्षा चित्रपटाला एखाद्या सिद्धान्ताचे उदाहरण करून सोडते, ती रसभंग करतेच. पण आमचा ‘कुंकू’चा अनुभव उलट आहे. पार्श्वसंगीत नाही हे कळल्यावर दुसऱ्या खेपेला वर्गात जी शांतता पसरली, ती पहिल्या खेपेला नव्हती. कच्च्या कानाला जे रडू येते ते बहुधा व्हायोलिनने आणलेले असते. चित्रपटाने आणलेले रडू थोडे उशिरा येते, पण ते जास्त टिकते.

आता त्या जुन्या अडचणीकडे परत येऊ. जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फितींच्या भांडाराला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती नष्ट झाल्या. ज्यांच्या प्रती आधी करून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. नायर २०१६ मध्ये गेले. २०२२ मध्ये संग्रहालयाचा कारभार राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेला. जुन्या चित्रपटांच्या डिजिटल पुनरुज्जीवनाचे काम तेथे चालू आहे. आणि दुसरीकडे, ज्या मागे जाण्यासाठी बहादूरांच्या विद्यार्थ्यांना पुण्यापर्यंत यावे लागे, ते मागे जाणे आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर बोटाच्या टोकाशी आले आहे. पाठ हाती आला. पण हाती आलेले ते साधन आपण बहुतेक वेळा पुढे पळवण्यासाठीच वापरतो. मागे जाऊन पाहायला लावणारा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. तो प्रश्न फितीत नसतो, भाष्यात असतो.

माध्यमांतराचा तो घटक आम्ही अजूनही शिकवतो. फळ्यावर आता दोन रकाने आखत नाही. चित्रपटाचा पहिला अंश दाखवतो, थांबवतो, आणि सरांनी आम्हांला विचारला होता तसा, ज्याचे उत्तर पुन्हा पाहिल्यावाचून देता येणार नाही असा एखादा प्रश्न विचारतो. सर आता नाहीत. पण वर्गात ‘कुंकू’ लागतो आणि ती टिकटिक सुरू होते, तेव्हा मागच्या बाकाकडे आमची नजर जातेच.